उंबऱ्यावरचं चौथं बोट

१२ मार्च १९८९, रविवार

धुळ्याहून आलो. पारोळ्यापर्यंत एस.टी.त उभा.

फिल्म सोसायटीत माझी भुताची फिल्म 'दार' दाखवली. सात मिनिटं. केळी पिकवायच्या खोलीचं बंद दार, बाहेर रणरणतं ऊन, फटीतून धूर. काहीही होत नाही. सातव्या मिनिटाला कडी आतून वाजते. संपली.

तीसेक माणसं. निम्मी पंख्याच्या वाऱ्याला आलेली. कडी वाजणार तेवढ्यात एक जण खुर्ची घासत उठला, त्यामुळे कडी कोणाला ऐकूच आली नाही. म्हणजे त्यांनी सात मिनिटं नुसतं दार बघितलं. तरी टाळ्या वाजवल्या. या लोकांना भिंत दाखवली तरी टाळ्या वाजवतील.

प्रा. दे. सोसायटीचे सेक्रेटरी. बोलताना डोळे मिटतात. म्हणाले, "तरुण मित्राने एक अस्वस्थ मौन उभं केलंय. मात्र आशय काय?" आशय म्हणे. दार बंद आहे आणि आत कोणीतरी आहे. याच्यापुढे माणसाला आणखी किती आशय लागतो?

हॉलचा वॉचमन, नाना, शेवटी जवळ आला. "भाऊ, बठ्ठं दखं. पन भूत कोठे शे?" अख्ख्या हॉलमध्ये सगळं बघून भुताची चौकशी करणारा हा एकटा. त्याला चहा पाजला.

४ जूनला पुण्याहून पाहुणे येणार आहेत, सिनेमा शिकवणारे. प्रा. दे. म्हणाले, नवीन काही असेल तर आणा, त्यांना आवडलं तर तिकडे बोलावून घेतील. असं म्हणताना डोळे उघडे होते, म्हणजे खरं असावं.

२० मार्च

जामनेर. लग्न. सकाळी सातपासून खांद्यावर कॅमेरा.

नवरदेवाचे मामा तीनदा समोर येऊन फेटा सारखा करून गेले. तीनदाही मी कॅमेरा बंद ठेवून बटण दाबल्यासारखं केलं. नवरीच्या आत्याला भांडी एकेक करून शूट करून हवी होती. बत्तीस ताटं. ताटं हलत नाहीत, बोलत नाहीत. त्या लग्नातली तीच सर्वांत शहाणी.

र.भाऊ (रमणभाऊ, जळगावच्या स्टुडिओचा मालक, माझा अन्नदाता) आता या कॅसेटीचं मिक्सिंग करणार. नवरी कमळातून उगवेल. नवरदेव बदामात बसेल. बदाम फिरेल. मग दोघं मिळून ताजमहालासमोर, ज्यांनी अजून भुसावळ ओलांडलेलं नाही. मी भुताच्या फिल्म करतो म्हणून र.भाऊ मला वेडा म्हणतो. कमळातून अर्धी बाई उगवते ते भूत नाही तर काय आहे?

२ एप्रिल

माझी पद्धत लिहून ठेवतो. उद्या कोणी विचारलं तर.

एक. कोरी कॅसेट र.भाऊच्या कपाटात, किल्ली त्याच्या करदोट्याला. म्हणून लग्नाच्या कॅसेटीच्या शेपटाला जी दहा-पंधरा मिनिटं उरतात ती माझी. त्यावर शूट करायचं, दुकानात दोन व्हीसीआर जोडून आपली कॉपी काढायची, मग शेपूट पुसून टाकायचं. गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही.

दोन. रात्र नको. रात्री सगळेच घाबरतात, त्यात माझं काय कौतुक? आपल्याकडे मे महिन्यात दुपारी एक वाजता गल्लीत उभं राहून बघा. दारं बंद, कुत्रं नाही, पान हलत नाही. कोणी हाक मारली तर ओ देऊ नये अशी वेळ. लग्नातही पंगती उठल्या की सगळं वऱ्हाड मांडवात आडवं होतं. तेव्हा कॅमेरा माझा.

'बाग' अशीच केली गेल्या वर्षी. माणूस केळीच्या बागेत शिरतो, पलीकडून दुसराच निघतो, पण अंगात तोच शर्ट. शिरणारा मी, निघणारा सोपान, आमच्याकडचा घड कापणारा. शर्ट एकच, त्यामुळे दर वेळी घामेजलेला अदलाबदल. सोपानला विचारलं, भीती वाटली का? "तुह्या शर्टाची वाटली," म्हणाला.

१७ एप्रिल

नवीन फिल्म सुचली. आमच्याच घरात पडून होती, मला दिसली नव्हती.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माय पितरांची घागर भरते. नवी घागर, पाणी, वर आंबा आणि डांगर, म्हणजे खरबूज. मग उंबऱ्याला पाणी शिंपडून, घरातल्या मेलेल्यांचं एकेकाचं नाव घेत कुंकवाचं एकेक बोट उंबऱ्यावर ओढते. आजोबा सुपडू. आजी गोमताबाई. मोठा काका भिका. तीन बोटं. दरवर्षी बघतो आणि दरवर्षी आंब्याकडेच लक्ष.

फिल्म अशी. उंबरा, जवळून. बाईचा हात. एक नाव, एक बोट. दुसरं. तिसरं. मग हात थांबतो, आणि चौथं बोट ओढलं जातं. चौथा कोण, घरातल्यांना माहीत नाही. बस. संगीत नाही, किंकाळी नाही.

हे खरं करायचं. खऱ्या आखाजीला, खऱ्या उंबऱ्यावर, खऱ्या माणसाकडून. प्रा. दे. यांचे डोळे कायमचे उघडे राहतील.

३० एप्रिल, असोदा

मायला सांगितलं. सगळं नेहमीसारखं कर, फक्त शेवटी एक नाव जास्तीचं घे. कुठलंही.

"कुठलंही म्हंजे?"

"खोटं. रामा, गोमा, काहीही."

भाकरी थापायची थांबली. "आनं त्या नावाचा खरंच कोनी असला, नं आला तं? कोनाच्या बी नावानं बलावनं शे का ते? ज्याचं कोनी नही त्याले म्या कायले जेवाले बलावू?"

तासभर डोकं फोडलं. सिनेमा आहे माय, खोटं असतं सगळं. तिचं एकच, खोट्या नावाची घागर भरत नसतात. शेवटी माझं डोकं फिरलं आणि तोंडातून गेलं, "मग आबांचं घे. नाहीतरी ते कुठे आहेत?"

मायने भाकरी तव्यावर टाकली.

आबा म्हणजे माझा बाप. तोताराम. अकरा वर्षांपूर्वी केळीच्या ट्रकवर बसून 'चार दिवसांत येतो' म्हणून गेला. पत्र नाही, निरोप नाही. मी तेव्हा पंधराचा. मेला असं कोणी म्हणत नाही, आहे असं कोणी दाखवत नाही. माय रोज कुंकू लावते. दरवर्षी वडाला सूत गुंडाळते, सात जन्म हाच मिळू दे म्हणून. या एका जन्मात मिळाला नाही त्याचं काय, हे वडाला विचारायची सोय नाही.

बोललो ते वाईट बोललो. पण माघारी घेतलं नाही, हे लिहून ठेवतो.

८ मे, आखाजी

झालं.

नशिराबादच्या लग्नाची कॅसेट. शेवटी चौदा मिनिटं शिल्लक होती. सकाळी सव्वाअकरा. ऊन उंबऱ्यावर बरोबर अर्धं आलं होतं.

माय खाली बसली. मी कॅमेरा जमिनीलगत ठेवला, फोकस तिच्या बोटावर. सुपडू. गोमताबाई. भिका. बोटं सरळ, हात स्थिर. कुठल्या नटीला सांगून जमलं नसतं. मग हात थांबला. मी म्हटलं होतं थोडी थांब, पण ही थांबलीच. टेप फिरतेय. मनात म्हटलं, विसरली.

मग बोट परत कुंकवात बुडवलं आणि म्हणाली, "तोताराम सुपडू."

आवाज स्वच्छ. त्याचं नाव तिच्या तोंडून मी जन्मात ऐकलेलं नाही. 'ते', 'तुहे आबा', 'घरचे', असंच. चौथं बोट ओढलं. बाकीच्या तिन्हींपेक्षा लांब.

मग वर बघितलं, थेट कॅमेऱ्यात. मी नकळत झूम केलं. आणि ती हसली. ओठ फाकले नाहीत, पण हसली. ओझं उतरवून ठेवल्यावर बाई हसते तसं.

मी काय केलं? 'माय' अशी हाक मारली नाही. आधी फोकस तपासला.

९ मे

सकाळी माय विहिरीवरून आली. कपाळ मोकळं. गळ्यातलं काढलेलं.

"हे काय? सिनेमा होता तो!"

"सिनेमा तुहा. पानी तं खरंच व्हतं ना?"

"लोक काय म्हणतील?"

"अकरा वर्सं कोनी काही म्हने ना, मंग म्या कोनाचं आयकू? जित्त्याची बायको म्हने ना, मेल्याची म्हने ना. लग्नात ओटी भरायले बलावू का नको याचा बी बायायले इचार पडे. आता एक झालं."

तिने अकरा वर्षं वाट बघितली ती त्याच्या येण्याची, असं मी समजत होतो. कोणीतरी तिला 'घे नाव' म्हणावं, याचीही बघत असेल. शेवटी म्हणणारा मी निघालो, तेही एका शॉटसाठी. कसला मुलगा आहे मी!

१४ मे

नालायकपणाची हद्द. माझी.

काल दुकानात फिल्म कॉपी करून घेतली. शेपूट पुसायचं राहिलं, कारण र.भाऊने पाचोऱ्याला पाठवलं. आज आलो तर नशिराबादवाले कॅसेट घेऊनही गेले. मुलगी सुरतेला सासरी निघाली होती, सोबत न्यायची होती. "मिक्सिंग नको म्हणाले, कमळ नको, बदाम नको, आहे तशी द्या," र.भाऊ सांगत होता, चेहरा पाडून.

आयुष्यात पहिल्यांदा चांगली रुची असलेलं गिऱ्हाईक भेटलं, आणि त्यांच्या लग्नाच्या शेवटी मी मयताची घागर ठेवून दिलीय.

कोणी शेवटपर्यंत बघत नाही, असं मनाला सांगतोय. माझ्या फिल्म तर कधीच कोणी बघितल्या नाहीत.

२१ मे

नामदेवकाका आला. बापाचा धाकटा भाऊ, जळगावात राहतो. तोंडात सुपारी, हातात रुमाल, वर्षातून दोनदा उगवतो. भाऊबंदांत बोभाटा झाला म्हणून धावत आला.

"वहिनी, हे काय मांडलं? माझा भाऊ जित्ता हाये!"

"कुठी?" मायने विचारलं.

"हाये कुठीतरी. मले वाटते."

"तुले वाटते त्याच्यावर म्या कुंकू लावू?"

काका माझ्याकडे वळला. घराण्याचं नाव घालवलं, पोरगं नाच्यांच्या नादाला लागलं, वगैरे. अकरा वर्षांत ज्याने वहिनीला 'जेवली का' विचारलं नाही, त्याला एकाएकी घराणं आठवलं. फार तळमळून बोलत होता. एवढी तळमळ त्याला शोभत नव्हती. जाताना परत म्हणाला, "जित्ता हाये तो, पाप लागीन." मी म्हटलं, तुम्ही लावून घ्या, तुम्हाला सवय आहे. माय मलाच रागावली.

४ जून, धुळे

'घागर' दाखवली. दुपारी तीन. नाना वॉचमन मुद्दाम पुढे बसला.

सहा मिनिटं कोणी खुर्ची हलवली नाही. चौथ्या नावाला मागे कोणीतरी 'आई गं' म्हणालं. मी कोपऱ्यात उभा.

पुण्याचे पाहुणे. दाढी, शबनम, बुटात मोजे नाहीत. म्हणाले, "उंबऱ्यापर्यंत अप्रतिम. फक्त ते शेवटचं हसणं काढा. भय विरघळतं तिथे. बाईंचा नैसर्गिक स्वभाव आड आला असावा." प्रा. दे. यांनी डोळे मिटून 'अगदी' म्हटलं.

भय विरघळतं! अहो, भय तेच आहे. नवऱ्याला मेलेल्यांत बसवून बाई हसते, सुखाने, आणि तिचं पोरगं ते झूम करतं. याहून भयाण तुमच्या पुण्यात काय घडतं ते तरी दाखवा. तोंडाने मात्र "बघतो सर," म्हटलं. लाचारी.

पत्ता दिला त्यांनी. हसणं काढून पाठवा, विचार करू.

नानाने दारात गाठलं. "भाऊ, आज भूत दिसनं." मग थोडं थांबून, "तुन्ही माय शे का ती?" मी हो म्हटलं. "मंग तिले कशाले भ्यावाडं म्हनतस? ती ते मोकळी व्हयनी." ती भयाण नाही, मोकळी झालीय, हे पुण्याच्या पाहुण्यांना न कळलेलं याला कळलं. याला विचारायला हवं होतं पहिल्यापासून.

११ जून

दुकानात सुरतवाले. नशिराबादच्या मुलीचे सासरे. कॅसेट काउंटरवर आपटली.

"लग्नाची कॅसेट हाये का मयताची?"

र.भाऊला घाम. मी पुढे झालो, चूक माझी म्हणून सांगितलं. मनसोक्त शिव्या खाल्ल्या. तिकडे आपल्याकडच्या लोकांची वस्ती आहे, सगळी आळी घरात बसवून कॅसेट लावली होती. लग्न संपलं, बाया उठायला लागल्या, आणि उंबरा सुरू झाला. सून रडली. शांत करावी लागली, शांती करावी लागली.

मी कॅसेट घेतली, आत्ता पुसून देतो म्हटलं. तेव्हा ते जरा निवले. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "एक मानूस मात्र उठला नही. कारखान्यावर वॉचमन हाये, आमच्याच आळीत राहतो, बायको हाये, एक पोरगी हाये. म्हने, परत लावा. लावली. म्हने, परत. तीनदा लावली. चेहरा पांढराफटक. इचारलं, वळखता का या बाईले? नही म्हने. जेवला बी नही, उठून गेला."

नाव विचारलं. तिकडे 'तोताभाई' म्हणतात.

कॅसेट पुसली. चौदा मिनिटं. माझी कॉपी ट्रंकेत आहे.

१४ जून

असोद्याला गेलो, सांगायला. सांगितलं नाही.

माय अंगणात शेजारणीबरोबर पापड वाळत घालत होती, आणि गात होती. तिला गाता येतं हेच मला माहीत नव्हतं. जेवून परत आलो.

जगभरच्या लोकांना घाबरट म्हणत फिरतो. माझ्याइतका घाबरट जळगाव जिल्ह्यात नसेल.

२० जून

वटपौर्णिमा झाली. माय वडाला गेली नाही. गल्लीतल्या बाया सूत घेऊन दारावरून गेल्या, हिने ओट्यावरूनच बोलून वाटेला लावल्या.

मी अजून सांगितलेलं नाही. तो मेला म्हणून माय सुखात आहे, तर मेलेला राहू दे त्याला. असं ठरवतो. मग वाटतं, हे ठरवणारा मी कोण?

२२ जून

काका दुकानात आला. हातात आंतरदेशीय. चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद. "घे, वाच. म्हटलं नव्हतं?"

बापाचं अक्षर. मी ओळखलं, याचाच राग आला.

'चि. नामदेव यास. कॅसेट पाहिली. मी हयात असता असा प्रकार घडणे बरे नव्हे. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने येत आहे. घरी कळवावे.'

अकरा वर्षांनी माणूस लिहितो तर काय लिहितो, 'असा प्रकार घडणे बरे नव्हे'. कशी आहेस नाही. पोरगं काय करतं नाही. दुसरी बायको करून, तिची पोरगी वाढवून, हा तक्रार करतोय की मला मारलं का.

पत्र परत करताना वरचा पत्ता बघितला. पिंप्राळ्याकडच्या कॉलनीचा, प्लॉट नंबरासकट. तिथे काका राहायला जाऊन चार वर्षं झाली. बाप गेला तेव्हा ती कॉलनी नव्हतीच. तिथे शेत होतं.

"काका, तुमचा हा पत्ता त्यांना कोणी दिला?"

सुपारी चघळायची थांबली. रुमाल इकडून तिकडे.

"किती वर्षांपासून माहीत आहे?"

"चार वर्सं तं झाले. त्यानं आईची शपथ घातली व्हती रे. तिकडे संसार व्हता त्याचा. म्या काय करू?"

काही कर म्हणत नाही. शपथ पाळली, फार चांगलं. दिवाळीला घरी येऊन माझ्या मायच्या हातचं जेवताना, तिच्या कपाळाकडे बघत घास गिळत होतास, एवढंच विचारायचं होतं. पण दुकानात गिऱ्हाईक होतं. कमळ हवं होतं त्यांना.

२३ जून, असोदा

सांगितलं. सगळं. सुरत, बायको, पोरगी, पत्र, पत्ता.

माय डाळ निवडत होती. निवडतच राहिली.

"नामदेवले माहीत व्हतं?"

"हो."

"किती वर्सं?"

"चार तरी. जास्तही असतील."

सूप खाली ठेवलं. मला वाटलं रडेल. रडली नाही. म्हणाली, "म्हंजे मीच येकटी व्हती, जिले माहीत नव्हतं." मग परत सूप घेतलं.

मी म्हटलं, येऊ नका म्हणून तार करतो. काकाच्या घरूनच परत पाठवतो. ती म्हणाली, "तू काही करू नको. तू जे करायचं ते केलं."

यात राग होता की नाही, कळलं नाही. दोन तास त्याच वाक्याचा विचार करतोय. चीड येते ती माझी. कारण तिने असं म्हटलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर खिडकीतून ऊन पडलं होतं, आणि मी मनात चौकट बांधत होतो.

२४ जून

र.भाऊला कळलं. गावाला कळलंय. संध्याकाळी स्वतःहून म्हणाला, "कॅमेरा ने उद्या. असा सीन परत मिळायचा नाही." मी त्याच्याकडे बघितलं. हा माणूस माझ्याच तोंडाने बोलत होता. पहिल्यांदा मला र.भाऊची किळस आली आणि लगेच आरशातली आली.

कॅमेरा पेटीत घालून कुलूप लावलं, किल्ली त्याला दिली. तिकडे पुण्याचं पत्र टेबलावर पडलंय. हसणं काढलंत का, असं विचारतायत.

नाही काढणार. बोलावू नका.

२५ जून, रविवार, असोदा

ओट्यावर बसून लिहितोय. सव्वादहा. काका स्टेशनवरून त्याला घेऊन बसने येतोय. गल्लीतली सगळी दारं आज उघडी. कामं काढून बसलेत एकेक जण, तांदूळ निवडणं काय, सायकल पुसणं काय. फुकटचा तमाशा.

माय पहाटेपासून चुलीशी. पुरण, आमटी, भरीत, सगळं. मी चिडलो. अकरा वर्षं चुलीकडे पाठ करून गेलेल्याला पुरणपोळी?

ऐकलं नाही. मग तिच्या कपाळाकडे बघितलं. मोकळंच. कुंकवाचा करंडा खिडकीत आहे, हात पुरेल असा. लावशील का, असं विचारायचं होतं.

बस फाट्यावर थांबल्याचा आवाज आला. दोन माणसं उतरली. एक काका. दुसऱ्याची चाल मला माहीत आहे. केस पांढरे झालेत.

आत गेलो. मायने एकच पान मांडलं होतं. पाट, तांब्या, शेजारी निखाऱ्यावर तुपाचा घास ठेवलेला, पितरांना ठेवतात तसा.

"एकच पान?" मी विचारलं. "आपण चौघं आहोत."

"आपलं मंग," ती म्हणाली. पदर खोचला. "आधी त्याले जेवू दे. जेवला की इचारते त्याले, कोन म्हनून आला ते."

आणि दारात गेली.